बेलवलीचे बिनतारी संस्थान

पैसे मोजून, पावती घेऊन आणि दुकानदाराशी यथाशक्ति घासाघीस करून घरी आणलेली वस्तू आपल्या मालकीची झाली, अशी एक भाबडी समजूत जुन्या पिढीत रूढ होती, आणि तिला धक्का देण्याचे काम पूर्वी निदान सरकार तरी उघडपणे करीत असे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये घरात रेडिओ बाळगणे हीसुद्धा परवान्यावाचून करण्याजोगी गोष्ट नव्हती. त्यामुळे ज्या गृहस्थाने रेडिओ घेतला त्यास दर साल पोस्टाच्या खिडकीपाशी तिष्ठत राहून, फी भरून, परवान्याच्या पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागे, आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ही पद्धत मोडीत निघेपर्यंत कित्येक घरांत ती पुस्तिका शिधापत्रिकेच्या खालोखाल जपली जाई. रेडिओ तुमचा, परंतु तो ऐकण्याची मुभा आमची, हा मामला कसा स्वच्छ होता. हल्ली घरोघरी कपाटाच्या डोक्यावर बसून दिवे मिचकावणारी राऊटर नामक जी पेटी असते तिच्याबाबत मात्र असा कोणताच खुलासा कोणी करीत नाही. पेटी आपली, तिच्यावरची धूळ आपली, तिचे वीजबिल आपले. परंतु तिच्या पोटात बसून सर्व कारभार पाहणारा जो दिवाण, ज्यास जाणकार लोक फर्मवेअर म्हणतात, तो कंपनीने नेमलेला, कंपनीलाच जबाबदार असलेला आणि कंपनीच्या मर्जीस येईल त्या दिवशी निवृत्त होणारा असतो.

आमच्या घरच्या दिवाणास असे सक्तीचे वार्धक्य बहाल झाल्याचे वर्तमान एका त्रोटक सूचनेतून आम्हांस कळले. पेटी चालू होती, दिवे लुकलुकत होते, चिरंजीवांचा खेळ आणि मातोश्रींचे कीर्तन ही दोन्ही एकाच वेळी निर्वेध चालली होती. तथापि या नमुन्याचा आधार समाप्त झाला असून यापुढे त्यास सुरक्षेच्या सुधारणा मिळणार नाहीत, सबब ग्राहकाने नवीन नमुना खरेदी करणे इष्ट, असा तो मजकूर होता. आमच्या बदलापूरच्या बेलवलीहून रेल्वेने मुंबईकडे निघाले की पुढचेच स्टेशन अंबरनाथ. तेथले शिवालय त्यावरील शिलालेखाप्रमाणे शके ९८२ मधले, म्हणजे सन १०६० चे, आणि शिलाहारांची राजवट लयास जाऊन सात शतके उलटली तरी त्या देवळाचा आधार समाप्त झाल्याचे अद्याप कोणी कोणास कळविलेले नाही. दर पाच वर्षांनी शिवालयाचा नवीन नमुना काढून भाविकांस तिकडे वळवावे हे शिलाहारांस सुचले नाही, यावरून त्या घराण्याची व्यापारी दृष्टी बेताचीच असावी, असा निष्कर्ष काढणे भाग आहे.

सुरक्षेचा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, हे मी जाणतो. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा एक दुष्ट उपद्व्याप उघडकीस आला. ५४ देशांतल्या किमान ५ लाख राऊटरांत आणि तत्सम यंत्रांत परकी घुसखोर ठाण मांडून बसले होते, येणाजाणाऱ्या मजकुरावर नजर ठेवीत होते आणि मनात आल्यास यंत्र कायमचे निकामी करण्याची त्यांची तयारी होती. अमेरिकेच्या एफबीआय या मातब्बर तपास खात्याने तेव्हा घराघरातील राऊटरधारकांस जाहीर सल्ला दिला. तो सल्ला असा, की राऊटर एकदा बंद करून पुन्हा चालू करावा. आमच्या भागात खांद्यावर वायरचे वेटोळे टाकून मोटारसायकलवरून हिंडणारा जो केबलवाला पोरगा आहे, तो कोणत्याही तक्रारीस, ती पुरती ऐकून घेण्यापूर्वीच, “काका, एकदा बंद करून चालू करा ना,” असे उत्तर देई, आणि त्याच्या या अडाणीपणाविषयी आम्ही काही प्रौढ मंडळींनी गच्चीवर पुष्कळ ऊहापोह केला होता. अमेरिकेचे अधिकृत धोरण त्याच्या मताशी शब्दशः जुळल्याचे कळल्यापासून मी त्या पोराशी बोलताना उठून उभा राहतो.

बेलवली म्हणजे बदलापूर पश्चिमेचा एक भाग. एके काळी भातखाचरांत निवांत पडलेले हे गाव आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत चार-सात मजली इमारतींच्या गर्दीत असे काही सामावले आहे की, गाव कोठे संपले आणि सोसायटी कोठे सुरू झाली हे केवळ देखभालीच्या बिलावरूनच उमगावे. येथून मुंबईचे शिवाजी टर्मिनस ६८ किलोमीटर. येथला नोकरदार पहाटेच्या अंधारात घर सोडतो आणि रात्रीच्या अंधारात परततो, त्यामुळे त्याची मुले त्यास प्रामुख्याने छायाचित्रांवरून ओळखतात. मार्च २०२० मध्ये लोकल सामान्य उतारूंस बंद झाल्या आणि पुढे दीडेक वर्ष कधी बंद, कधी अर्ध्याच उघड्या, अशा राहिल्या, त्या काळात याच क्षुद्र पेटीने फोर्टातली कचेरी, कल्याणचे महाविद्यालय आणि पुण्याच्या भाचीचे लग्न अशी सर्व ठिकाणे आमच्या दिवाणखान्यात आणून सोडली होती. चौथी सीट न मागता ज्याने इतका प्रवास घडविला त्यास एका नोटिशीवर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविणे मनास प्रशस्त वाटेना. शिवकाळात या ठाण्यावर घोडे बदलले जात, अशी आख्यायिका बदलापुरात सांगतात; स्वार तोच ठेवून घोडा बदलावा, ही तेव्हाची रीत. आम्ही योजिलेला बेत नेमका उलटा होता: घोडा तोच ठेवून त्यावरचा कंपनी सरकारचा स्वार खाली उतरवायचा आणि त्याच्या जागी तिऱ्हाईत स्वार चढवायचा.

असा स्वार बदलता येतो, हे जगास कसे कळले त्याची हकीकत ज्याने आयुष्यात एकदा तरी सरकारी कंत्राटाचा पाठपुरावा केला आहे त्यास विशेष रोचक वाटेल. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी हा निळ्या-काळ्या रंगाचा राऊटर बाजारात आणला, आणि पुढच्याच वर्षी सिस्को या धनाढ्य कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंक्सिसच विकत घेतली. इतक्यात काही चौकस मंडळींच्या ध्यानात आले की, या पेटीतला दिवाण म्हणजे लिनक्स आहे; आणि लिनक्सची सनद अशी की, जो कोणी तिचा माल विकील त्याने मूळ मसुदाही मागणाऱ्याच्या हाती ठेवला पाहिजे. सिस्कोकडे मसुदा मागण्यात आला. सिस्कोने तो लिहिला नव्हता, लिंक्सिसनेही लिहिला नव्हता. लिंक्सिसने ते काम तैवानच्या सायबरटॅन कंपनीकडून करवून घेतले होते, आणि सायबरटॅनने ते ब्रॉडकॉम या चिपवाल्या कंपनीकडून आलेल्या संचावर उभारले होते. रस्त्यातला खड्डा नेमका कोणत्या उपकंत्राटदाराचा याचा शोध घेत ज्यांनी उन्हाळे घालविले आहेत त्यांनी कल्पना करावी, की ५० कोटी डॉलर मोजल्यानंतर घेणाऱ्यासच प्रथम कळते की खड्डा आपला आहे. अखेर २००३ सालीच मसुदा खुला करावा लागला. तो हाती पडताच दूरदूरच्या प्रोग्रामरांनी त्यात सुधारणा आरंभल्या, २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचा प्रकल्प उभा राहिला आणि पाठोपाठ जर्मनीतून डीडी-डब्ल्यूआरटी निघाला. दोघांच्याही नावात त्या मूळ पेटीची तीन अक्षरे कुलनामासारखी राहून गेली. कंपनीने २००५ मध्ये त्याच राऊटरच्या नव्या आवृत्तीत स्मृती निम्म्याने कापली आणि लिनक्सला हद्दपार केले. मग गिऱ्हाइकांची नाराजी पाहून, जुनाच राऊटर शेवटी एक एल हे अक्षर जोडून वेगळा विकावयास काढला, आणि तो पुढे कित्येक वर्षे खपत राहिला. दार बंद करावे आणि मग उघडे दार निराळे विकावे, ही कल्पना आमच्या बिल्डरांस अद्याप सुचलेली नाही, एवढाच काय तो दिलासा.

हिंदुस्थानातही या विद्येचा उपयोग फार लवकर झाला. जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या जाचातून मुक्त केला, आणि लागलीच फेब्रुवारीत हिमाचलातल्या धरमशाला येथे तिबेटी वस्तीच्या शाळा, मठ आणि कचेऱ्या जोडणारे बिनतारी जाळे उभे राहिले, ज्यातले राऊटर स्वस्तातले घेऊन, त्यांतला दिवाण बदलून, डोंगरातल्या हवापाण्यास टिकतील असे करून लावलेले होते. तेथे मुख्य उपद्रव कंपनीचा नसून अँटेनांना लोंबकळणाऱ्या माकडांचा होता. बदलापुरात माकडे नाहीत, असे मी प्रथम लिहिले होते. परंतु आमच्या गच्चीवर पतंगाच्या मोसमात जे चालते ते स्मरून ते विधान मागे घेतो.

आता प्रत्यक्ष विधीकडे वळू. या शास्त्राचे पहिले सूत्र असे की, राऊटरच्या नावावर विश्वास ठेवू नये. एकाच नावाने, एकाच रंगात, एकाच किमतीस विकल्या जाणाऱ्या पेट्यांच्या आत दरवर्षी निराळी चिप, निराळी स्मृती आणि निराळी गात्रे असू शकतात, आणि हे गुपित केवळ पेटीच्या पोटाखाली चिकटविलेल्या कागदावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, आवृत्तीचा क्रमांक म्हणून नमूद असते. एका आवृत्तीचे फर्मवेअर दुसरीत घातले तर पेटी मरू शकते. आमची पेटी उलटी केली तेव्हा त्या कागदावर पालीच्या अंड्याचे पांढरे कवच चिकटलेले निघाले, ते बरोबर आवृत्तीच्या आकड्यावर. ते नखाने खरवडावे तर कागद निघतो आणि राहू द्यावे तर आकडा दिसत नाही. अखेर सौभाग्यवतींनी ओल्या फडक्याची वाफ देऊन ते अलगद सोडविले. कवचाखाली आठ आहे की तीन, यावर घरात दोन तट पडले. चिरंजीवांनी मोबाईलने छायाचित्र काढून मोठे करून पाहिले. तेव्हा तो आठच ठरला आणि तीनवाल्या पक्षाने सभात्याग केला.

दुसरे सूत्र तीस-तीस-तीसचे. डीडी-डब्ल्यूआरटीच्या जुन्या उपासकांनी असा दंडक घालून दिला होता की, कोणतेही नवे फर्मवेअर घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर, पेटीच्या पाठीवरची रीसेटची कळ टाचणीने ३० सेकंद दाबून धरावी. ती तशीच दाबलेली असताना वीज काढून आणखी ३० सेकंद धरावी. आणि पुन्हा वीज देऊन, कळ न सोडता, अखेरचे ३० सेकंद धरावी. या विधीने काय साधते ते विचारू नये. पुढे जाणकारांनी असे जाहीर केले की, बहुतेक पेट्यांस याचा काही उपयोग नाही आणि काहींस तर तो अपायकारक आहे. परंतु दीड मिनिट अंगठा अवघडून घेतल्यावाचून कार्यसिद्धी होते, ही गोष्ट श्रद्धावानांस अजून पटलेली नाही. आमच्या कामी आलेला तिसऱ्या मजल्यावरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी मात्र अगदीच नास्तिक निघाला. “काका, ते जुनं झालं. फाईल बरोबर आहे ना, मग बास,” असे म्हणून त्याने टाचणी परत केली. त्याने एकच शंका विचारली: “मधे लाईट जाणार नाही ना?”

स्मृतीच्या चिपवर नवा दिवाण लिहिला जात असतानाच्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली तर जुना गेलेला आणि नवा न आलेला, अशा अराजकात पेटी सापडते आणि बहुधा पुन्हा उठत नाही. म्हणून त्याची शंका शास्त्रोक्तच होती. परंतु पावसाळ्यात बेलवलीस लाईट जाणार नाही ना, हा प्रश्न ज्यास विचारावा असा ज्योतिषी पंचक्रोशीत नाही. अखेर आधीच इन्व्हर्टरवर गेलेल्या काळोख्या संध्याकाळी, म्हणजे जी वीज जावयाची ती जाऊन चुकलेली असताना, कार्य करावे असे सर्वानुमते ठरले, आणि बदलापूरच्या वीजव्यवस्थेतील अनिश्चितता टाळण्याचा याहून खात्रीचा उपाय माझ्या ऐकिवात नाही.

तिसरी अडचण तारेची. हे काम वायफायवरून करू नये, संगणक तारेने जोडून करावे, असा नियम; आणि हल्लीचे संगणक इतके सडपातळ झाले आहेत की, त्यांच्या अंगावर तार खोचण्यास भोकच उरलेले नाही. त्यासाठी लागणारा जोड आणण्यास मी उल्हासनगरास गेलो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा दिलेल्या लष्करी छावणीतून १९४९ मध्ये या शहराची स्थापना झाली, आणि जे आपल्याजवळ नाही ते आपणच करून घ्यावे, ही तेथली रीत तेव्हापासूनची आहे. मोहल्ल्यांस अजूनही कॅम्प नंबर अमुक असेच म्हणतात. तिऱ्हाईताच्या मालाविषयी तेथे कोणाच्या मनात किंतु नसतो. दुकानदाराने माझी गरज ऐकून घेतली, दोन डबे काउंटरवर ठेवले आणि अत्यंत सात्त्विक चेहऱ्याने विचारले, “साहेब, ओरिजिनल पाहिजे, का चालणारा पाहिजे?” फर्मवेअरच्या या संपूर्ण विषयाचे इतके नेमके विवेचन मी अन्यत्र कोठेही ऐकले नाही. मी चालणारा घेतला.

विधी पार पडला. पेटीचे दिवे गेले, मातोश्रींनी रामनाम घेतले, दिवे आले, एक दिवा काही काळ चवताळल्यासारखा लपलपला आणि शांत झाला. संगणकावर १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकताच कंपनीच्या जाहिरातीऐवजी नव्या राजवटीचे पान उघडले, आणि सत्तांतर रक्तपाताविना झाल्याची घोषणा मी करणार, तोच स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला: “अहो, वायफाय गेलं!” ते खरोखरीच गेले होते. ओपनडब्ल्यूआरटीचा जुना शिरस्ता असा की, नव्याने बसविल्यावर त्याचे वायफाय बंदच असते. परवलीचा शब्द ठरविल्यावाचून सताड उघडे जाळे हवेत सोडणे सुरक्षित नव्हे, म्हणून धन्याने प्रथम तारेने आत शिरावे, शब्द ठरवावा आणि मग हुकूम द्यावा. युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु ज्या पेटीचा घरातील एकमेव ज्ञात उपयोग वायफाय हाच आहे, तिला स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर प्रथम वायफायच बंद पडावे, हे मातोश्रींस समजावून सांगणे कठीण गेले. “एवढे पैसे नि एवढा वेळ घालून आहे ते बंद पाडलंत होय रे?” असे त्या शांतपणे म्हणाल्या आणि माळ ओढू लागल्या.

या राजवटीच्या अंतरंगात शिरणाऱ्यास प्रवेशद्वारीच एक शिलालेख दिसतो. पूर्वीच्या आवृत्त्यांची नावे मद्याच्या मिश्रणांवरून ठेवलेली असत, व्हाइट रशियन, कामिकाझे आणि अशीच पुढे. आणि नुसते नाव ठेवून न थांबता, किती औंस व्होडका, किती साय, किती बर्फ, ही कृतीही आत येणाऱ्याच्या स्वागतास पडद्यावर छापलेली असे. १९४९ चा दारूबंदी कायदा या राज्यात आजही अमलात आहे आणि परवान्यावाचून मद्य बाळगणे त्याखाली गुन्हा ठरतो. त्याची कृती राऊटरच्या पोटात बाळगणे कोणत्या कलमात बसते याचा खल कोणी वकिलाने अवश्य करावा. आमच्या वाट्यास आलेली आवृत्ती पुढच्या काळातली, म्हणजे नुसत्या आकड्यांनी ओळखली जाणारी, दारूबंदीनंतरची निघाली. तिच्या दारावर केवळ बिनतारी स्वातंत्र्य अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द सुटीसुटी अक्षरे मांडून कोरलेले होते. ते पाहून विद्यार्थ्याचा विरस झाला, माझा झाला नाही, असे येथे नमूद करून ठेवतो.

कारभाराची पाने नाना भाषांत उपलब्ध असून त्या यादीत मराठीही आहे, हे पाहून माझा ऊर भरून आला. मात्र ज्या जुन्या पेट्यांत साठवणीची चिप अवघी ४ मेगाबाइटची असते त्यांत मूळ कारभारच मांडी घालून बसू शकत नाही, तेथे भाषेचा संच कोठला मावणार? आणि आता तर २०२२ पासून ४ मेगाबाइट चिपच्या आणि ३२ मेगाबाइट स्मृतीच्या पेट्यांचा आधार या स्वातंत्र्यवाद्यांनीही काढून घेतला आहे. आमच्या पेटीत त्याच्या दुप्पट जागा होती, म्हणून मराठी बसली. पण जी वाक्ये कोणी अद्याप भाषांतरित केलेली नाहीत ती जशीच्या तशी इंग्रजीत उमटतात, त्यामुळे एक ओळ शुद्ध मराठी आणि पुढची निखळ इंग्रजी, असे ते पान वाचताना सकाळच्या लोकलमध्ये दारापाशी चाललेले संभाषण ऐकल्याचा भास होतो.

सत्ता हाती आली की ती वापरण्याची इच्छा होते. पाहुण्यांसाठी मी निराळे जाळे काढले, कारण डोंबिवलीकडचे नातेवाईक हल्ली चपला काढता काढताच परवलीचा शब्द विचारतात, पाणी मागाहून. रात्री अकरानंतर चिरंजीवांच्या यंत्रास मज्जाव केला. त्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या यंत्राचा ओळखक्रमांक बदलून, परागंदा संस्थानिकाप्रमाणे वेष पालटून, पुन्हा प्रवेश मिळविला. मग प्रक्षेपणाची शक्ती वाढविण्याच्या कलमाकडे माझे लक्ष गेले, कारण आमच्या स्वयंपाकघरात वायफाय पोहोचत नाही ही सौभाग्यवतींची मूळ आणि एकमेव फिर्याद होती. विद्यार्थ्याने मला आवरले. देश म्हणून भारत निवडलेला असला की कायद्याने घातलेल्या मर्यादेबाहेर जाता येत नाही, हे एक. आणि दुसरे असे की, राऊटरचा आवाज कितीही चढविला तरी मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या मोबाईलला राऊटर ऐकू येईल, पण राऊटरला मोबाईल ऐकू येणार नाही. लग्नाला इतकी वर्षे झालेल्या गृहस्थास ही परिस्थिती निराळी समजावून सांगावी लागली नाही.

“काका, तुमचा प्रॉब्लेम पॉवरचा नाही, शेजाऱ्यांचा आहे,” असे म्हणून त्याने एक आलेख उघडला. आसमंतातली यच्चयावत जाळी त्यात एकमेकांवर चढलेल्या टेकड्यांच्या रूपाने दिसत होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेले वापरता येतात खरी. परंतु ती इतकी खेटून आखलेली आहेत की, एकमेकांच्या अंगावर न येता नांदू शकतील अशी त्यांत तीनच: १, ६ आणि ११. आणि आमच्या इमारतीतले झाडून सारे राऊटर चॅनेल क्रमांक ६ वर चढून बसले होते. त्यांत माऊली होते, गजानन प्रसन्न होते, दुसऱ्या मजल्यावरचे ‘फुकट मिळणार नाही’ होते, आणि ‘पोलीस गुप्त वाहन ४’ या नावाचेही एक होते, ज्याचे मालक माझ्या माहितीप्रमाणे निवृत्त बँक कर्मचारी आहेत. पेटी पूर्णपणे आपली झाली होती, तिच्यातला दिवाण आपण नेमला होता, तिच्या प्रत्येक कलमावर आपली मोहोर होती; आणि ज्या हवेतून तिने बोलावयाचे ती मात्र बावन्न बिऱ्हाडांची सामायिक निघाली.

सामायिक मालमत्तेचा प्रश्न जेथे नेतात तेथे मी तो नेला. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आलेखाच्या छापील प्रती ठेवून मी असा ठराव मांडला की, ए विंगने चॅनेल १, बी विंगने ६ आणि सी विंगने ११ वापरावे. गणपूर्ती झालेली नसल्यामुळे सभा उपविधीप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांनी, गणपूर्तीच्या अटीवाचून पुन्हा भरली. सी विंगचे म्हणणे पडले की ११ हा आकडा शेवटचा आहे, म्हणजे पाण्याप्रमाणे वायफायही त्यांस शेवटीच मिळणार. ए विंगमधल्या एका सभासदांनी १ हा क्रमांक मानाचा असल्याने तो संस्थापक सभासदांस राखून ठेवावा, अशी उपसूचना दिली. एकांनी ६ चा आग्रह धरला, कारण त्यांच्या गाडीचा आणि सदनिकेचा क्रमांक तोच आहे. खजिनदारांनी, चॅनेलचे भाडे सोसायटीच्या खात्यात जमा व्हावयाचे की कसे, आणि त्यावर जीएसटी पडतो काय, अशी पृच्छा केली. केबलवाला पोरगा बिलाच्या वसुलीसाठी दाराशी येऊन उभा होता. त्याचे मत मी मुद्दाम घेतले, आणि सगळ्यांनी एकदम बंद करून चालू करावे, असे त्याने अपेक्षेप्रमाणे सांगितले. त्यास टाळ्या पडल्या. ठराव सूचक-अनुमोदकांसह दुरुस्तीसाठी कमिटीकडे परत गेला.

इतिवृत्त लिहिणाऱ्या सेक्रेटरींस राऊटर, चॅनेल आणि क्रमांक यांचा एकंदर संदर्भ नीटसा उमगला नसावा. त्यांनी हा सर्व वाद ‘वाहनतळाचे वाटप’ या सदराखाली नोंदविला, आणि पुढच्या तिमाहीच्या देखभाल बिलात बी विंगमधल्या त्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांस, गुप्त पोलीस वाहन क्रमांक ४ आवारात कायमचे उभे करीत असल्याबद्दल, चारचाकीच्या दराने पार्किंगचे शुल्क लागून आले.